दोरीला हात

आडबंदरच्या समुद्राला कान आले त्याला एकवीस वर्षं होत आली होती, आणि ते कान सांभाळणारी हेमलता मेतर उद्या दुपारी बारा वाजता निवृत्त होणार होती. ध्वनिकेंद्रातल्या मुलींनी केक सांगून ठेवला होता, शाल आणून कपाटात लपवली होती, आणि ती कोणत्या खणात आहे हे हेमलतेसकट सगळ्या केंद्राला ठाऊक होतं.

केंद्र तालुक्याच्या गावी टेकडीवर होतं. तिथे हल्ली कोणी टाइप करत नसे. पोरी खुर्चीत रेलून यंत्राशी गप्पा मारल्यासारख्या बोलत आणि यंत्र त्यांची कामं करून टाकी. एकट्या हेमलतेच्या टेबलावर अजून कळफलक होता, आणि समोर काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं. पोरी त्याला 'हेमाताईंची पाटी' म्हणत. ती चिडत नसे. चोवीस वर्षांची असताना नाडकर्णी सरांनी तिला या पाटीवर बसवलं, तेव्हा केंद्रात संगणक दोन, पंखा एक आणि सरांचा चहाचा थर्मास एवढंच सामान होतं. सर एकेक आज्ञा फळ्यावर लिहून देत आणि ती पाठ झाल्याशिवाय चहा मिळत नसे. ते दिवस आठवले की हेमलतेला आजही चहाची तल्लफ येई.

समुद्राचे कान म्हणजे पाण्यात सोडलेले माइक असं बाहेरच्यांना वाटायचं. तसं नव्हतं. होती ती एक जुनी, बेवारशी पडलेली दूरसंचार केबल. आडबंदरच्या वाळूतून निघून समुद्राच्या तळावरून ती साठ किलोमीटर आत गेलेली. केबलच्या पोटात केसाएवढा काचेचा तंतू. त्याच्या एका टोकातून लेसरची लुकलुक सेकंदाला हजारो वेळा आत सोडायची. काच कितीही शुद्ध म्हटली तरी तिच्यात बारीक दोष राहतातच, आणि त्यांच्यावर आपटून थोडा प्रकाश माघारी येतो. बाहेर काही हललं, मग ती लाट असो, बोटीचा पंखा असो की माशांचा थवा, की काच कल्पनेतही मावणार नाही इतकी थोडी ताणली जाते आणि माघारी येणारा प्रकाश किंचित बदलतो. तो किती वेळाने परतला यावरून नेमकं कुठल्या मीटरला हललं ते समजतं. म्हणजे साठ किलोमीटरची केबल म्हणजे एकापुढे एक ठेवलेले साठ हजार कान.

ढोमे आणि घोळ हे मासे स्वभावानेच कुरकुरे, त्यांची ओळख पहिल्याच वर्षी पटली. बांगडा मुका. पण बांगड्यांचा थवा एकदम वळला की पाणी दबतं, आणि ते दबणं ओळखायला यंत्राला शिकवण्यात सहा वर्षं गेली. सातव्या वर्षापासून मात्र कुठला थवा कुठे आहे आणि कुठे निघाला आहे, हे घरबसल्या समजू लागलं. ज्याला या आवाजांची फाईल उघडता येईल, त्याला समुद्रातला मासा दिसल्यासारखाच होता.

आणि इथेच नाडकर्णी सरांची जुनी शिकवणी कामाला येत होती. सर म्हणायचे, प्रत्येक फाईलला तीन नाती असतात. एक मालक, एक गट, आणि उरलेले सगळे जग. मालक तिला सांभाळतो, गट तिला उघडून वाचतो, जगाला ती बंद असते. केबलच्या फायलींची मालक हेमलता होती, कारण पहिल्या दिवशी सरांनी तिच्या नावाने त्या बनवल्या आणि पुढे कोणाला बदलायचं सुचलं नाही. फायलींचे कप्पे दोन होते. वाळूखालच्या तीनशे मीटरचा आवाज 'किनारा' कप्प्यात जाई. केबल आपल्या वाळूतून नेऊ दिली म्हणून आडबंदरच्या रापणकरांना तो कप्पा दिलेला होता, वाळू चोरायला ट्रक उतरले तर त्यांना कळावं म्हणून. त्यांच्या गटाचं नाव 'रापण'. उरलेला सगळा समुद्र 'दर्या' कप्प्यात, आणि त्याचा गट 'संशोधन'.

हेमलता रापणकराची मुलगी. तिचे वडील दत्ताराम मेतर रापणीचे तांडेल, म्हणजे म्होरके होते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं भलंमोठं जाळं. होडीने ते अर्धगोल टाकून यायचं आणि वाळूत उभं राहून दोन्ही बाजूंच्या दोऱ्या चाळीस-पन्नास माणसांनी ओढायच्या. जेवण झालं की हेमलता कानाला यंत्र लावून किनारा कप्प्यातली एखादी जुनी सकाळ लावी. वाळूतून पावलं ऐकू येत, धप् धप् करत मागे मागे सरकणारी, आणि त्यांत एक पाऊल डाव्या टाचेवर जास्त जोर देणारं. ते बाबांचं. बाबा जाऊन सहा वर्षं झाली होती, पण दुपारी दीड ते दोन ते वाळूत उभे असत. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं, सांगितलं असतं तर लोकांनी दया दाखवली असती आणि ती तिला नको होती.

एक गोष्ट मात्र तिला खात होती. चौदा वर्षांपूर्वी बाबा एकदाच केंद्रात आले होते. रापण आठ दिवस रिकामी येत होती. काखेत छत्री, पायांत नव्या चपला. पडद्यावरचे निळे-पिवळे डाग बराच वेळ बघून ते म्हणाले होते, "सांग गो चेडवा, ह्यात मासो खंय आसा तो?"

तिला दिसत होता. थवा आडबंदरच्या किनाऱ्यावरच्या खडकापलीकडे होता, हाकेच्या अंतरावर. पण ती म्हणाली, "बाबा, ती फाईल तुमच्या गटाची नाय."

"नाय तर नाय. तुझा काम तसा आसा," असं म्हणून बाबांनी कँटीनमध्ये दोन वडे खाल्ले आणि एसटीने परत गेले. पुन्हा कधी विचारलं नाही. हेमलतेने मात्र ही गोष्ट तेव्हा चारचौघांत अभिमानाने सांगितली होती. पुढे सात वर्षांनी संशोधन गटात सागरवैभव नावाची मासेमारी कंपनी भागीदार म्हणून आली, आणि तेव्हापासून कंपनीच्या पर्ससीन, म्हणजे अख्खा थवा जाळ्याने वेढून उचलणाऱ्या, बोटी आडबंदरच्या खाडीच्या तोंडाशी मासा यायच्या आधीच येऊन उभ्या राहू लागल्या. बाबांना नाकारलेली फाईल कंपनी रोज सकाळी चहाबरोबर उघडत होती.

*

निवृत्तीच्या आदल्या दिवशी सकाळी डॉ. शरयू गद्रे हेमलतेच्या टेबलाशी आल्या. शरयू केंद्राच्या संचालक. चारचौघांत हेमलता त्यांना मॅडम म्हणे आणि एकटं असलं की शरयू. अठ्ठावीस वर्षं दोघींनी एकमेकींच्या डब्यातलं खाल्लं होतं.

"ते पत्र वाचलंस ना?" शरयूने विचारलं.

वाचलं होतं. उद्या दुपारी बारा वाजता देशभरातले समुद्राचे आवाज एका नव्या ध्वनिकोशात जाणार होते. तिथे मालक नावाचा प्रकारच नव्हता. भांडणं नकोत म्हणून एका कप्प्याला एक गट, आणि ऐकण्याचा हक्क फक्त त्या गटाला, कायमचा. मालकांनी बारा वाजेपर्यंत योग्य तो गट ठरवावा, न ठरवल्यास आहे तो राहील, असं पत्रात लिहिलं होतं.

"आहे तसं राहू दे," शरयू म्हणाली. "मला अजून दोन वर्षं हवीत, हेमा. समुद्र तापतोय तसे ढोमे दर वर्षी उत्तरेला सरकताहेत. दोन वर्षांत आलेखावरची ही रेघ इतकी पक्की होईल की कोणाला नाही म्हणता येणार नाही. माझं सगळं आयुष्य त्या रेघेत गेलंय."

"गटात कंपनी आहे, शरयू."

"माहितीये. सही मीच केली. लेसर जळला होता आणि नवा द्यायला दुसरं कोण पुढे येत होतं? तुला तरी आठवतंय कोणी?" तिने खुर्ची ओढली. "एका कप्प्याला दोन गट नाहीच देता येत?"

"नाही. एकच."

"मग माझं काय करतेस?"

शरयू उत्तराची वाट न बघता उठून गेली. ती गेल्यावर हेमलतेने कळफलक जवळ ओढला आणि नाडकर्णी सरांनी फळ्यावर लिहून दिलेली आज्ञा टाइप केली:

chgrp -R rapan darya

दर्या कप्पा आणि त्याच्या पोटातल्या झाडून सगळ्या फायली रापण गटाला दे, एवढाच त्याचा अर्थ. पाटीने तात्काळ उलट उत्तर दिलं. परवानगी नाही.

हेमलता आधी वैतागली, मग तिला सरांचा आवाज आठवला. हा नियम शिकवताना सर हसून म्हणाले होते, "ज्या पंगतीला तू स्वतः बसत नाहीस, त्या पंगतीत तुला तुझं ताट नेऊन ठेवता येत नाही." मालकाला आपली फाईल फक्त त्याच गटाला देता येते, ज्यात तो स्वतः आहे. आणि हेमलता रापण गटात नव्हती.

नव्हती, कारण तिनेच स्वतःला ठेवलं नव्हतं. ही गटाची यादी तिने एकवीस वर्षांपूर्वी बांधली होती. रापण ओढून झाली की मासळीचे वाटे पडतात. जो दोरीला हात लावतो त्याला वाटा, मग तो गावचा असो, पाहुणा असो की रस्त्याने जाणारा. वाटे घेताना तांडेल मोबाइलवर एकेक नाव वाचतो, आणि ती नावं थेट गटात जातात. हंगामभरात वाटा न घेणाऱ्याचं नाव गळतं. ऑफिसात बसून कोणालाही, खुद्द तिलाही, नाव घुसवता येऊ नये असं तिने ते घट्ट बसवलं होतं आणि स्वतःवर खूश झाली होती. तेव्हा बाबा म्हणाले होते, "तुझा पण नाव घाल गो." ती हसली होती. "मी काय दोरी ओढतंय?"

आपलं नाव गटात घालता येईल का ते विचारायला तिने ध्वनिकोशाच्या दिल्लीच्या कार्यालयाला फोन लावला. पलीकडचा माणूस भला होता. म्हणाला, "ताई, उद्या बारापर्यंत गटांच्या याद्या हाताने बदलायच्या नाहीत असा हुकूम आहे. याद्या आपोआप बदलत असतील तर बदलू देत."

हेमलतेने पर्स उचलली आणि दीडची आडबंदर एसटी पकडली. त्या दिवशी तिने बाबांची पावलं ऐकली नाहीत.

*

लवू तारी उंडीच्या झाडाच्या सावलीत जाळं सांधत बसला होता. दत्तारामांच्या मागून तोच तांडेल. हेमलतेहून पाचेक वर्षांनी मोठा. तिला लहानपणी खांद्यावर घेऊन त्याने तिच्याकडून कावळे हाकलून घेतले होते.

"हेमा गो, वाट चुकलंस काय?"

ती त्याच्यासमोर वाळूत बसली आणि सगळं सांगितलं. गट, पत्र, उद्याचे बारा. लवूदाच्या हातातली सुई थांबली.

"म्हणजे फाल्या बारानंतर आमका मासो कळतलो, आणि कंपनीक नाय?"

"माझो हात दोरीक लागलो तर."

"हात लागान भागाचा नाय. वाटो घेवक होयो. नावा वाट्याच्या वक्ताक वाचतत, ता तूच बसवलंस." लवूदाने समुद्राकडे पाहिलं. खाडीच्या तोंडाशी तीन बोटी उभ्या होत्या. "आणि मासो नाय गो. नऊ दिस रापण टाकूक नाय. वाळूर कुत्री पण येनत नाय आता."

"एक तरी गावतलो मां?"

"दर्याचो भरवसो कोण देतलो?"

हेमलतेला एकाएकी रडू आलं. ती रडायला आली नव्हती, म्हणून स्वतःचाच राग आला. "लवूदा, बाबा माझ्याकडे इल्ले तेव्हा माका मासो दिसत होतो. मी सांगूक नाय."

लवूदाने जाळ्याला एक टाका घातला. मग म्हणाला, "तुझ्या बापाशीन माका सांगल्यान होता. एसटीतून उतरलो तो थेट हयच इलो. म्हणालो, लवू, माझा चेडू बापाक पण नाय म्हणता, असा चेडू कोणाचा आसा सांग." त्याने सुई जाळ्यात खोचली. "तोंड भरान सांगल्यान. वाडीत घरोघर."

हेमलतेने पदराने डोळे पुसले. हे तिला कधी कोणी सांगितलं नव्हतं. बाबांनी तर नाहीच.

"आणि बाई दोरी ओढता म्हणान कोण काय बोललो तर?"

"बोलात तेच्या हातात दोरी देवया," लवूदा म्हणाला. "फाल्या सकाळी सा वाजता ये. रिकामी तर रिकामी."

जाता जाता तिला शंका आली. "कंपनीची माणसा दोरी ओढूक इली तर? तेंकाय वाटो देवक लागतलो."

"येवंदेत! बोटी सोडून हय वाळूत आमच्या वांगडा उभी रवली, तर मगे भांडण खंयचा?" लवूदा खो खो हसला. नऊ दिवसांत तो पहिल्यांदा हसत असावा.

*

सकाळी सहाला हेमलता धरून सव्वीस माणसं जमली. एरवी चाळीस लागतात. कोणाला काय सांगितलं होतं कोण जाणे, पण कोणी कुरकुर केली नाही. म्हातारा पांडू मोंडकर काठी टेकत आला आणि काठी वाळूत रोवून दोरीला लागला. होडी अर्धगोल फिरून आली. हेमलतेने साडी खोचली, चपला एका बाजूला काढून ठेवल्या आणि डावीकडच्या दोरीला हात घातला.

दोरी ओली, काथ्यासारखी खरखरीत आणि वजनाला नुसती आडमुठी. टाच वाळूत रुतवायची, अंग मागे टाकायचं, एक पाऊल मागे. पुन्हा टाच, पुन्हा अंग, पुन्हा पाऊल. रांगेच्या शेवटाला पोचलेल्याने दोरी सोडायची आणि धावत जाऊन पुढे पाण्याशी पुन्हा धरायची. पहिल्या दहा मिनिटांत तिचे तळहात पेटले. विसाव्या मिनिटाला तिला कळलं की गेली सहा वर्षं आपण बाबांचं पाऊल ऐकत होतो, पण ते डावीकडेच जोर का देतं हे आपल्याला माहीत नव्हतं. डावीकडच्या दोरीवर उभं राहिलं की समुद्राचा ओढा उजवीकडून येतो, आणि सगळं वजन डाव्या टाचेवर पडतं. बाकी काही नाही. ते लंगडणं नव्हतं की सवय नव्हती. ते काम होतं. ती हसली आणि पुढचा माणूस मागे वळून बघू लागला.

दीड तासाने जाळं वाळूवर आलं. आत जेलीफिश, दोन प्लास्टिकच्या बाटल्या, एक तुटकी चप्पल, थोडे बारीक पेडवे मासे, आणि खाली बांगडे. सगळ्यांनी जवळ येऊन पाहिलं. बांगडे सतरा होते.

पेडवे हातात मावतील एवढेच, ते वाट्यात धरायची पद्धत नाही. हेमलतेने पुन्हा माणसं मोजली. माणशी एकही मासा पुरत नव्हता, आणि वाटा नाही तर नाव नाही. घड्याळात आठ वाजून गेले होते.

लवूदा खाली बसला. त्याने कमरेची सुरी काढली आणि एक बांगडा मधोमध कापला. मग दुसरा. अठरा माणसांना नऊ बांगडे अर्धे अर्धे झाले, उरलेले आठ आठ जणांना पुरे पडले. पुरे वाटे म्हाताऱ्यांना आणि ज्यांच्या घरात पोरं होती त्यांना. मग तो उभा राहिला आणि मोबाइल तोंडाशी धरून खड्या आवाजात नावं वाचू लागला. पांडू मोंडकर. सुनील खवणेकर. मेरी डिसोजा, कारण तिने होडीला हात दिला होता. शेवटी तो थांबला, हेमलतेकडे बघितलं आणि म्हणाला, "हेमलता दत्ताराम मेतर."

तिच्या हातात शेपटाकडचा अर्धा बांगडा ठेवला गेला. आयुष्यात तिने पुष्कळ मासे खाल्ले होते, बाबांनी आणलेले, बाजारातले, हॉटेलातले. वाट्याचा हा पहिला. तो तिने केळीच्या पानात गुंडाळला आणि पर्समध्ये, चष्म्याच्या डबीशेजारी ठेवला.

*

एसटीने केंद्राच्या पायथ्याशी सोडलं तेव्हा अकरा पस्तीस झाले होते. टेकडी चढून ती टेबलाशी पोचली तर शरयू तिच्याच खुर्चीत बसलेली.

"केस विस्कटलेत तुझे," शरयू म्हणाली. मग हाताकडे लक्ष गेलं. "आणि हे काय?"

"दोरी ओढली."

शरयूला सगळं समजायला वेळ लागला नाही. अठ्ठावीस वर्षांत तिला हेमलतेच्या गप्प बसण्याचेही अर्थ कळत होते. तिने खुर्ची सोडली, पण तिथून हलली नाही.

हेमलतेने पाटीवरून बाहेर पडून पुन्हा आपल्या नावाने प्रवेश केला, कारण नव्या गटात घेतलंय हे पाटीला नव्याने आत आल्याशिवाय कळत नाही. आता तिच्या नावापुढे रापण हे नाव दिसत होतं.

"तुझ्या रिटायरमेंटनंतरही वडिलांची पावलं ऐकता येतील म्हणून करतेयस हे," शरयू म्हणाली. "मला ठाऊक आहे दुपारचं तू काय ऐकतेस. कधी बोलले नाही."

हेमलतेचे कान तापले. "तेही आहे," ती म्हणाली. "नाही म्हणणार नाही."

"आणि माझी रेघ?"

"तुझी रेघ खरी आहे, शरयू. मला तिचं वाईट वाटतंय. पण आज मी हात आखडला तर ती खाडी कायमची बोटींची होईल. तुझ्या ढोम्यांची नोंद राहील आणि ढोमे राहणार नाहीत."

हेमलतेला वाटलं शरयू आपला हात धरेल. तिने धरला असता तर हेमलतेने काय केलं असतं, हे तिला तेव्हा सांगता आलं नसतं आणि नंतरही कधी सांगता आलं नाही. शरयूने हात धरला नाही. ती वळली आणि बाहेर गेली.

हेमलतेने आज्ञा पुन्हा टाइप केली. या वेळी पाटी काहीच बोलली नाही. जुन्या पाट्यांची ही रीत. काम अडलं तर तक्रार करतात, झालं तर गप्प बसतात. एकवीस वर्षांचा समुद्र एका गटातून दुसऱ्या गटात जायला चार मिनिटं लागली, आणि मग पाटीवरची रेघोटी पुन्हा लुकलुकत नव्या आज्ञेची वाट बघू लागली. अकरा त्रेपन्न.

बारा वाजता पाटी विझली. पोरींनी केक कापायला लावला, टाळ्या वाजवल्या, एकीने डोळे पुसले. शाल शरयूने घातली, प्रथेप्रमाणे, आणि घालताना तिने हेमलतेच्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे पाहिलं. "हेमलताताईंनी केंद्रासाठी फार केलं," असं ती चार वाक्यांत म्हणाली. ती चारही वाक्यं खरी होती, आणि हेमलतेला एकही ऐकवेना.

*

हेमलता आडबंदरला राहायला गेली. बाबांच्या घराची कौलं बदलायची होती, विहिरीचा रहाट गंजला होता. घरात पहिल्यांदा चूल पेटवली तेव्हा धुराने तिचे डोळे चुरचुरले आणि तिला आईची आठवण झाली, पातेल्याला राख लावून घासणाऱ्या आईची. कितीतरी वर्षांनी तिला घाई नव्हती.

पाचव्या दिवशी पहाट उलटून उजाडलं तेव्हा लवूदाने कानाला यंत्र लावलं होतं आणि भुवया चढवल्या होत्या. पहिले दोन दिवस तो नुसता चेष्टा करत होता, समुद्र घोरता म्हणून. आज तो हसला नाही. त्याने एक बोट वर केलं. पाणी दबल्याचा तो आवाज त्याने आयुष्यात पहिल्यांदा ऐकला होता, पण काय आहे ते त्याला कोणी सांगावं लागलं नाही.

"वळलो," तो हळूच म्हणाला. "मासो वळलो."

होडी सुटली. खाडीच्या तोंडाशी कंपनीच्या तीन बोटी उभ्या होत्या, भलत्याच ठिकाणी, आंधळ्या कोशिंबिरीत राज्य आल्यासारख्या. आज वाडीतली पन्नासावर माणसं वाळूत होती. दोऱ्या किनाऱ्याला लागल्या, आणि पहिल्या झटक्यालाच सगळ्यांना कळलं की जाळं जड आहे. कोणीतरी आनंदाने ओरडलं. हेमलतेने डावीकडची दोरी धरली, टाच रुतवली आणि अंग मागे टाकलं.

केंद्राची जीप सुरूच्या बनापाशी येऊन थांबली. आतून शरयू उतरली. चपला हातात, साडीचा काठ वाळूत लोळतोय. तिने दोऱ्यांकडे पाहिलं, माणसांकडे पाहिलं, आणि डावीकडच्या रांगेशेजारून चालत हेमलतेपाशी आली. लवूदाने बघितलं, पण त्याने कोण, काय ते विचारलं नाही.

"दोरीला हात लावला की नाव लागतं, असं पोरी सांगत होत्या," शरयू म्हणाली. "कोणाचंही."

"कोणाचंही."

"मी अजून रागावलेली आहे, हेमा."

"मग जोरात ओढशील," हेमलता म्हणाली, आणि तिने दोरीवरचे आपले दोन्ही हात थोडे पुढे सरकवले. मागे एका माणसाची जागा झाली. शरयूने चपला वाळूत टाकल्या आणि दोरी धरली.